बिननावाचा बेस

नावाच्या जागी दोन बारीक भोकं होती आणि त्यांच्या भोवती लांबट, गडद ठसा. बाकी सगळ्या डोक्याचा लाल रंग उजेडाने विटून विटकरी झाला होता. त्या ठशापुरता मात्र तो नव्यासारखा होता. तिथे कधीकाळी धातूची पट्टी होती आणि पट्टीवर नाव होतं. म्हापशाजवळच्या एका घरातून हा बेस गिटार माझ्याकडे आला. बोटीवर नोकरी करणाऱ्या आजोबांनी परदेशातून आणला, यापलीकडे घरच्यांना काही ठाऊक नव्हतं. चारपैकी तीन तारा शिल्लक, त्याही गंजलेल्या. आवाज नाही. “रंग मारून नव्या तारा चढवून द्या” एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी म्हटलं, रंगाचं आधी बोलायला नको. नाव गेलेल्या वाद्याची ओळख त्याच्या अंगावर ठिकठिकाणी उरलेली असते. स्क्रूच्या आट्यांत, रंगाच्या थरात, आतल्या जोडणीत. घाईने केलेली दुरुस्ती सगळ्यात आधी तीच पुसून टाकते. म्हणून अशा वाद्याला हात लावण्याआधी ते नीट वाचावं लागतं. ते कसं वाचायचं आणि मग कुठून सुरुवात करायची, ते या बेसच्या निमित्ताने सांगतो.

पहिलं काम मोजपट्टीचं. तारेचा जो भाग झंकारतो, म्हणजे वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंतचा, त्याची लांबी म्हणजे स्केल. सतारीच्या भाषेत नट म्हणजे अटी, ब्रिज म्हणजे घोडी आणि फ्रेट म्हणजे पडदा. ब्रिज मागेपुढे सरकवलेला असू शकतो, म्हणून पूर्ण लांबी मोजण्याऐवजी नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि दुप्पट करायचं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, तिथे स्वर एक सप्तक वर जातो. काही वाद्यांत नटला लागूनच एक जादा फ्रेट असतो. त्याला शून्य फ्रेट म्हणतात. तो असेल तर मोजणी त्याच्यापासून करायची. या बेसला तो होता. अंतर भरलं ३८१ मिलिमीटर, म्हणजे स्केल ७६२ मिलिमीटर, बरोबर ३० इंच.

हा आकडा बरंच काही सांगतो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्याचं स्केल ३४ इंच ठेवलं, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. त्याआधी सिएटलमध्ये पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात फ्रेट असलेला विजेचा बेस विकायला काढला होता, पण तो फारसा पसरला नाही. ३० इंचांच्या आसपासचे आखूड बेस ही दुसरी शाखा. जर्मनीच्या हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस १९५६ चा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतला तो हाच. गिब्सनचे सुरुवातीचे बेसही साडेतीस इंचांचे होते. आणि १९६० च्या दशकात जपानने निर्यातीसाठी जे स्वस्त बेस बनवले, त्यांतले पुष्कळ आखूडच होते.

मग वाद्य पालथं घातलं. दांडी, म्हणजे नेक, धडाला चार स्क्रूंनी बसवलेली होती आणि स्क्रूंखाली चौकोनी पत्रा होता. त्यावर इंग्रजीत ठोकलेली अक्षरं होती, ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ आणि खाली ‘मेड इन जपान’. अमेरिकेच्या आयात कायद्यानुसार मालावर मूळ देशाचं नाव असावं लागे, त्यामुळे अशा पत्र्यांवर किंवा चिकटवलेल्या कागदावर देश सापडतो, कारखाना मात्र सापडत नाही. कारण कारखान्याने नाव लावायचंच नव्हतं. तोक्योतला तेइस्को, तसंच गुयातोन आणि कावाई, मात्सुमोतो शहरातले मात्सुमोकू आणि फुजिगेन, हे सगळे परदेशी आयातदारांना हवं ते नाव लावून माल देत. किंग्स्टन, नॉर्मा, सिअर्सच्या दुकानांतलं सिल्व्हरटोन अशी नावं त्यामुळे एकाच घराण्यातल्या वाद्यांवर दिसतात. मात्सुमोकूचं मला विशेष वाटतं. सिंगरच्या शिलाई मशीनसाठी लाकडी कपाटं बनवणारा हा कारखाना पुढे गिटारकडे वळला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या व्हेंचर्स या बँडच्या दौऱ्यानंतर जपानमध्ये विजेच्या गिटारचं वेडच पसरलं, तेव्हा या सगळ्यांचे कारखाने जोरात होते. १९६७ मध्ये कावाईने तेइस्को विकत घेतली.

पत्र्यावर जपान नसतं तर? मग जॅक पाहायचा. केबल लावायच्या भोकाच्या जागी जुन्या टेपरेकॉर्डरला असायचा तसा पाच पिनांचा गोल सॉकेट असेल, तर वाद्य सोव्हिएत संघातलं किंवा पूर्व जर्मनीतलं असण्याची शक्यता मोठी. स्क्रूंच्या आट्या मिलिमीटरच्या की इंचाच्या, हेही पाहावं. अमेरिकेत बनलेल्या वाद्यात आवाजाच्या बटणाखालच्या पॉटच्या, म्हणजे बटणाबरोबर फिरून विरोध कमीजास्त करणाऱ्या भागाच्या, पाठीवर सहा-सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन निर्मात्याचे, मग वर्ष, मग आठवडा. १३७६६३२ म्हणजे सीटीएस या कंपनीने १९६६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनवलेला पॉट. हा आकडा पॉटचा आहे, गिटारचा नाही, हे विसरू नये. त्यावरून एवढंच ठरतं की वाद्य त्या आठवड्याआधीचं असू शकत नाही, तेही पॉट मूळचा असेल तरच. डाख एकदाच लागलेला, चकचकीत आणि जुन्या धुळीखालचा असेल तर पॉट मूळचा मानायला हरकत नाही. शेजारी दुसऱ्या रंगाचा, फुगलेला डाख दिसला की मध्ये कुणाचा तरी हात फिरला आहे.

सुटा भाग पाहून निकाल देणं ही यातली नेहमीची चूक. जपानी कारखाने खुंट्या, बटणं, काही वेळा पिकअपसुद्धा एकाच पुरवठादाराकडून घेत. त्यामुळे खुंट्या तेइस्कोच्या बेससारख्या आहेत म्हणून बेस तेइस्कोचा, असं होत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन खुणा एका दिशेने बोट दाखवायला हव्यात. या बेसच्या बाबतीत देश पत्र्याने सांगितला. काळ सांगितला डोक्याच्या आकाराने, आखूड स्केलने, शून्य फ्रेटने आणि पट्ट्यापट्ट्यांच्या ॲल्युमिनियमच्या पिकगार्डने. जपान, निर्यातीचा माल, १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध. यापुढे जाऊन एखाद्या कारखान्याचं नाव छातीठोकपणे घेणं मला पटत नाही. रिकाम्या डोक्यावर प्रसिद्ध कंपनीचं स्टिकर चिकटवणं तर मुळीच नाही. असली स्टिकरं विकत मिळतात. ती लावलेलं वाद्य पुढच्या माणसाशी खोटं बोलतं.

दांडी सोडवली तेव्हा एक गोष्ट मिळाली. धडातल्या खाचेच्या तळाशी शिसपेन्सिलीने २७ लिहिलं होतं आणि दांडीच्या बुडाशीही २७. कारखान्यात जोडी लावताना कुणीतरी टाकलेला आकडा. दांडी आणि धड मूळचेच एकमेकांचे आहेत, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. वरून पॉलिश पेपर मारला असता तर तो गेला असता. खाचेच्या कडेला धडाच्या लाकडाचे थरही दिसले. धड प्लायवूडचं होतं. प्लायवूड म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण प्लायवूड दमट हवेत कमी फिरतं, आणि गोव्याच्या इतक्या पावसाळ्यांनंतर या धडाला एकही चीर नव्हती.

रंग कुठला, तेही याच खाचेत पाहायचं, कारण इथे डाग पडला तरी कुणाला दिसत नाही. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनचा एक थेंब घेऊन हलकेच टेकवला. रंग लगेच चिकट झाला आणि बोळा लाल. म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आपले सुतार आणि मोटारींचे रंगारी ज्याला ड्युको म्हणतात त्याच जातीचा. ते नाव ड्यूपाँ कंपनीच्या मोटारींच्या रंगाचं, आणि फेंडरच्या गिटारांनाही त्याच डब्यांतले रंग लागत. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असतं तर ॲसिटोनने काही झालं नसतं. हे कळणं महत्त्वाचं, कारण या रंगावर थिनरचा बोळा फिरवला तर साठ वर्षांचा थर मळासकट निघून येईल. मळ काढायला आधी किंचित ओलं सुती फडकं आणि जिथे चिकटपणा आहे तिथे लायटरमध्ये भरायचं पेट्रोल, खिडकी उघडी ठेवून आणि आसपास ज्योत नसताना. घरच्यांना मी रंग न देण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी तो मानला. विटलेला लाल आणि ठशाखालचा ताजा लाल, दोन्ही आता तसेच आहेत.

मग आवाज. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचं हजारो वेढ्यांचं वेटोळं. पोलादी तार चुंबकासमोर हलली की वेटोळ्यात अगदी थोडी वीज उपजते. तीच ॲम्प्लिफायर मोठी करतो. वेटोळ्याची तार साधारण ०.०६ मिलिमीटर, माणसाच्या केसाइतकी. ती तुटली की पिकअप मुका. पण पिकअप न उघडताही हे कळतं. जॅकमध्ये केबल घाला, आवाजाचं बटण पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. चांगला पिकअप साधारण ५ ते १० किलोओहम दाखवतो. शून्य आलं तर कुठेतरी तार जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, टेकली आहे. पॉटवर ५०० किलोओहम लिहिलंय आणि मीटरही ५०० दाखवतोय, तर समजायचं की मीटरला फक्त पॉट दिसतोय, वेटोळं तुटलंय. उन्हाळ्यात आकडा थोडा जास्त येतो, त्याने घाबरू नये. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २० अंशांना ७ दाखवणारा पिकअप मे महिन्यात ३५ अंशांना ७.४ दाखवेल.

माझ्या टेबलावरच्या बेसमध्ये ब्रिजजवळचा पिकअप ६.८ होता आणि दांडीजवळचा मुका. तुटलेली तार बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला, जिथे ती जाड वायरला जोडलेली असते तिथेच असते, कारण गंज तिथे आधी पोचतो. इथेही तसंच निघालं. भिंगाखाली तुटलेलं टोक दिसलं. एक वेढा उलगडला, तारेवरचं इनॅमल टोकापुरतं हलकेच खरवडलं आणि नवा डाख दिला. मीटर ६.६. हे काम मी दुपारी जेवण झाल्यावर, हात स्थिर असताना केलं. कंटाळलेल्या हाताने हे करू नये. पॉटच्या खरखरीवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि बटण वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणं पुरलं. एक पॉट मात्र आतून झिजला होता, तो बदलावा लागला.

तारांना हात लावला की गुणगुण थांबते आणि हात काढला की सुरू होते, अशी तक्रार पुष्कळांची असते. ते बिघाडाचं लक्षण नाही. ब्रिजला जोडलेली जमिनीची वायर तारांमार्फत तुमच्या शरीरालाही जोडते आणि शरीराने पकडलेला गोंगाट जमिनीत जातो. हात लावल्यावर गुणगुण उलट वाढत असेल तर ती वायर सुटली आहे. आपल्याकडची गुणगुण ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. बेसचा सगळ्यात खालचा खर्ज, म्हणजे ई, ४१ हर्ट्झचा आहे, त्यामुळे इथली गुणगुण बेसच्या अगदी कुशीत बसते. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा लावून तो जमिनीला जोडला की पुष्कळ फरक पडतो. वाद्याबरोबर त्याच काळातला जपानी ॲम्प्लिफायर मिळाला, तर तो भिंतीच्या प्लगमध्ये घालू नका. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०.

आता दांडी. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच आहेत. चार तारा ३४ इंचांवर मिळून साधारण ७५ किलोचा ताण देतात. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात ३० इंचांवर लावल्या तर ताण ७८ टक्क्यांवर येतो, म्हणजे ५८ किलोच्या आसपास, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तरीही दांडी वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते. आधुनिक दांडीत ट्रस रॉड असतो. त्याच्या टोकाचा आवळायचा नट (तारांखालचा नट नव्हे) घट्ट केला की तो दांडीला मागे वाकवतो. गिब्सनचे थॅडियस मॅकह्यू यांना त्याचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. आमच्या पत्र्यावर मात्र ‘रीइन्फोर्स्ड’ लिहिलं होतं. म्हणजे आत नुसती पोलादी पट्टी आहे, आवळण्याची सोय नाही. डोक्यापाशी आणि बुडाशी नट शोधत बसण्यात अर्थ नव्हता.

वाक किती ते मोजायला तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची, म्हणजे तार हीच सरळ पट्टी होते, आणि मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहायचं. ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट असणं चांगलं, कारण झंकारणाऱ्या तारेला मध्ये जागा लागते. आमची फट ०.५ होती. जास्त, पण हलक्या तारा लावल्या तर चालण्यासारखी. खरी अडचण वेगळी होती. बाराव्या फ्रेटवर तारा चार मिलिमीटर उंच होत्या आणि ब्रिज खाली न्यायला जागाच उरली नव्हती. हा वाकाचा दोष नाही, कोनाचा आहे. दांडी धडात ज्या कोनात बसली आहे तो कोन बदलायचा.

त्यासाठी खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला, पातळ पाचर घालतात. किती पातळ? आमच्या खाचेची लांबी ७५ मिलिमीटर. तिथे अर्ध्या मिलिमीटरची पाचर घातली की दांडी दीडशेला एक या प्रमाणात मागे कलते. खाचेचं तोंड सोळाव्या फ्रेटपाशी, तिथून ब्रिज ३०० मिलिमीटर. म्हणजे ब्रिजपाशी दोन मिलिमीटरचा फरक, आणि बाराव्या फ्रेटवर त्याच्या निम्मा, एक मिलिमीटर. व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घालणारे पुष्कळ आहेत. मी शिसवीच्या लाकडाची, खाचेएवढ्या लांबीची, एका टोकाला अर्धा मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर येणारी पाचर घासून केली, कारण तुकडा एकाच टोकाला असला की मध्ये पोकळी राहते आणि दांडीचं बूड तिथे हळूहळू दबतं. घासायला दीड तास गेला. डिंक लावला नाही. पुढे कुणाला काढायची असेल तर चार स्क्रू सोडले की पुरे. स्क्रूच्या ढिल्या भोकांत मात्र दात कोरायच्या काड्या फेव्हिकॉल लावून बसवल्या आणि रात्रभर वाळू दिल्या.

फ्रेट पाहायला एक छोटी सरळ पट्टी पुरते. ती एका वेळी तीन फ्रेटवर आडवी ठेवायची. डुगडुगली तर मधला उंच आहे. दोनच उंच निघाले. एक नुसता सुटला होता, तो दाबून बसवला. दुसरा कानशीने घासून पुन्हा गोल केला. मिरजेच्या सतारमेकरांचं काम मी तासन्तास पाहिलंय. ते घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात, म्हणजे तार आणि घोडी यांचा जो स्पर्श त्यांना हवा असतो तो घडवतात. इथे नेमका तोच स्पर्श टाळायचा असतो, पण कानशीचा दाब, मध्येच थांबून ऐकणं आणि पुन्हा एकदाच हात फिरवणं, हे अगदी तेच. लोखंडी किसाने फ्रेट चकाकवायचे असतील तर आधी पिकअप कागदी टेपने झाका, नाहीतर त्याचे तंतू चुंबकाला चिकटतात आणि जन्मभर निघत नाहीत.

खुंट्यांच्या उघड्या दात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. तारा मागवताना ‘आखूड स्केल’ एवढं सांगून भागत नाही. तार जिथे अडकते तिथपासून नटपर्यंतचं अंतर मोजून सांगावं, कारण जुन्या बेसमध्ये तारा ब्रिजच्या बऱ्याच मागे अडकवलेल्या असतात आणि आखूड पडलेली तार वाया जाते. शेवटी सूर जुळवणी. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर एक यायला हवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज मागे न्यायचा. आमच्या ब्रिजला चारही तारांसाठी मिळून एकच दांडा आहे, तो तिरपा ठेवून जाड तारेला लांबी जास्त द्यावी लागली. ई आणि जी तंतोतंत बसल्या, मधल्या दोन कानाला खपतील इतक्या.

आपल्याकडच्या जुन्या घरांत असे बेस अजून सापडतात. १९७० आणि १९७१ ची सिमला बीट ही बँडची स्पर्धा आठवणारे लोक आहेत. परदेशी वाद्य मिळवणं दुरापास्त असलेल्या त्या काळात मुंबईतले कितीतरी बँड मिळेल त्या वाद्यावर वाजवत होते. म्हणून माळ्यावरचा बिननावाचा बेस दिसला की तो भंगारात टाकण्याआधी निदान त्याचा मागचा पत्रा वाचा.

दांडी कायमची आवळण्याआधी मी खाचेत पुन्हा एकदा पाहिलं. जुन्या २७ पासून दोन बोटं अंतर सोडून शिसपेन्सिलीने तारीख लिहिली आणि खाली, ‘पाचर शिसवी, डिंक नाही. आवाजाचा पॉट बदलला, जुना पिशवीत.’ ती पिशवी बेसच्या पेटीत ठेवली आहे.